डावीकडची मूठ

माझ्या गॅरेजात एक पाटी आहे : ‘बदललेले जुने पार्ट मोजून न्यावेत. आमच्याकडे संग्रहालय नाही.’ लोक पाटीचा फोटो काढतात. पण पुण्यातलं गिऱ्हाईक जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय नवा बसला यावर विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून काढलेल्या वस्तूंची यादी मी जॉब कार्डावर लिहितो, त्याप्रमाणे पिशवी भरतो आणि समोर ठेवतो. तीस वर्षांत ही पिशवी मी एकदाच कमी भरली.

खराडीत वडिलांच्या शेतातले तीन गुंठे उरले आहेत, तिथे मी गाड्यांचं फक्त सस्पेन्शन करतो. इंजिनाची तक्रार घेऊन आलात तर रस्ता दाखवतो.

प्रज्ञेश आला तो हातात छापील तक्ता घेऊन. येरवड्याचा, पस्तिशीचा, कंप्युटरवाला. गाडी लाल, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार, सेकंडहँड घेतलेली आणि रोज ऑफिसला नेलेली. आधीच्या मालकाने आखूड, कडक स्प्रिंगा टाकून ती जमिनीला टेकवली होती. पुढचा एक शॉकअप गळत होता. तक्त्यात तीन रकाने होते, आणि त्याने सगळ्यांत कडक माल असलेल्या रकान्यावर खूण केली होती.

“काका, वळणावर अजिबात झुकायला नको. रोज चालवायची आहे, पण तेवढं चालतं.”

“कोणाला चालतं?”

“मला. आणि बाबांना. त्यांनाही कडकच आवडते.”

बाबा म्हणजे दशरथराव, सरकारी बांधकाम खात्यातून रस्त्यांच्या कामावर राहून निवृत्त झालेले. ते माझ्या बाकावर ताठ बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. प्रज्ञेशने बाजूला घेऊन सांगितलं, की आजार मणक्यापर्यंत गेलाय. हॉस्पिटलात किरणांचे वीस शेक घ्यायचे आहेत, अकरा झाले. ऑफिसच्या आधी तोच नेतो, याच गाडीतून. बहिणीची मोठी, उंच गाडी होती, पण बाबा तिच्यात बसायला तयार नव्हते.

“त्रास होतो का विचारलं होतं,” तो म्हणाला. “गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणाले.”

माझी एक पद्धत आहे. गाडी गिऱ्हाइकाने चालवायची आणि मी शेजारी बसायचं. चालवणाऱ्याला स्टीअरिंगचा आधार असतो, पुढचा खड्डा त्याला आधी दिसतो. गाडीची खरी हकीकत शेजारच्या सीटवर कळते. निघालो. पहिल्याच गतिरोधकावर माझा मणका कवटीत घुसतो की काय असं झालं. सवयीने मी दाराची मूठ धरली, तर ती माझ्या हातात आली.

प्लॅस्टिक आतून तडकलं होतं. तडा पांढरा, ताजा होता. स्क्रू मुळासकट ओढले गेले होते.

“आधीच्या मालकाने तोडली असेल,” प्रज्ञेश म्हणाला. त्याचं लक्ष रस्त्यावर होतं.

मूठ तशीच खोबणीत दाबून बसवली.

परत आलो तेव्हा प्रज्ञेशला ऑफिसचा फोन आला आणि तो बोलत बोलत फाटकाबाहेर गेला. मी दशरथरावांना पाणी दिलं. त्यांनी उजवा हात पुढे केला. डावा त्यांनी मांडीवर पालथा ठेवला होता.

“डावा बघू,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग हात उलटा केला. तळव्यावर आडवा, काळानिळा वळ होता.

“शहाण्या माणसाने असं दुखणं अंगावर काढू नये,” मी म्हणालो. मला राग आला होता. “पोराला सांगा. नाहीतर मी सांगतो.”

“अहो, ऐकून तर घ्या.” आवाज शांत होता. “अकरा खेपा झाल्या. आता त्याला कळलं, तर पुढच्या नऊ सुखाच्या होतील. पण झालेल्या अकरांचं काय? त्या त्याला जन्मभर बोचत राहतील. मी काही जन्मभर नाही.”

मी पेला घेऊन त्यांच्या शेजारी बसलो.

“आणि दुसरं सांगतो. आमच्या रस्त्यावरून साहेबांची गाडी जायची तेव्हा मी कडेला लाल झेंडी घेऊन उभा असायचो. आता माझा मुलगा मला शेजारी बसवून नेतो. अर्धा तास. तेवढ्यात तो माझ्याशी बोलतो, घरात नाही बोलत. उंच गाडीत त्याची बहीण असते, भाचा असतो. मला हा अर्धा तास पाहिजे. तुम्ही गाडी त्याला हवी तशी करा.”

मी उठून गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिलो. तिथे मी ठरवलं, आणि ते बरोबर होतं की नाही हे मला आजही माहीत नाही.

प्रज्ञेश आला. मी त्याला म्हणालो, “तुझा तक्ता घरी ठेव. खटक्यांनी मऊ-कडक करता येतात असे शॉकअप टाकतो. पण पहिले दोन हजार किलोमीटर मूळ स्प्रिंगांवर, अगदी मऊ चालवायची. आतलं तेल मुरावं लागतं, लोणच्यासारखं. घाई केलीस तर सील जाईल, आणि मग माझ्याकडे यायचं नाही.”

असं काही नसतं. शॉकअपमध्ये काही मुरत नाही.

“मूळ स्प्रिंगा आहेत,” तो म्हणाला. “गाडी घेताना बाबांनी मालकाकडून जुने पार्ट मागून घेतले होते. माळ्यावर आहेत.”

दशरथराव जमिनीकडे बघत होते.

दोन दिवसांनी काम झालं. दाराला नवी मूठ लावली. यादी सवयीने लिहिली : शॉकअप चार, कडक स्प्रिंगा चार, मूठ एक. पिशवीत मूठ टाकायला गेलो आणि थांबलो. तो पांढरा तडा कोणीही वाचला असता. मूठ मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. कार्डावर खोडायचं मात्र राहून गेलं.

आठवड्याने दशरथरावांचा फोन आला. “वाटेतला पूल गेला,” ते म्हणाले, “कळलाच नाही.” मग थोडं थांबून, “आज त्याने मला कॉलेजातलं सगळं सांगितलं.” पुढे त्यांचा फोन आला नाही.

तीन महिन्यांनी प्रज्ञेश एकटा आला. बाबांचं पुण्यानुमोदन मागच्या रविवारी झालं, म्हणाला. दाढी वाढली होती. त्याने ती पिशवी बाकावर ठेवली आणि माझ्या अक्षरातलं कार्ड पुढे केलं.

“बाबा प्रत्येक वस्तू यादीला लावून बघायचे. घर आवरताना मीही लावली. मूठ नाही यात.”

हरवली म्हणता आलं असतं. पण त्या माणसाची सवय आता पोराने उचलली होती आणि माझ्याकडून दुसरं खोटं निघेना. मी खण उघडला.

त्याने मूठ डाव्या हातात धरली. बोटं तड्यावर बरोबर बसली.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि ते तेल मुरायचं?”

“खोटं होतं.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. वळ, झेंडी, अर्धा तास. झालेल्या अकरा खेपांचं सगळ्यात शेवटी.

“मला सांगायला हवं होतं काका,” तो म्हणाला. आवाज चढला नाही. “मी त्यांची माफी मागितली असती.”

“हवं होतं,” मी म्हणालो.

त्याने पिशवीतून कडक स्प्रिंगा एकेक करून बाहेर काढल्या आणि बाकावर ओळीने मांडल्या. “या परत टाका. खटके शेवटपर्यंत आवळा. आणि गाडी तुम्ही चालवा.”

“कशासाठी?”

“मी डावीकडे बसतो.”

मी समजावून बघितलं, रागावूनही बघितलं. तो उठला नाही. दुपारपर्यंत स्प्रिंगा बसल्या. येरवड्यातल्या त्यांच्या दारापासून मी गाडी हॉस्पिटलकडे काढली, त्याच वेगाने, तो म्हणाला तशी. प्रत्येक गतिरोधकाला मी ब्रेक लावायचो आणि तो म्हणायचा, “एवढा नव्हतो लावत मी.” पुलावरचे सांधे एकामागून एक लागले. त्याने नवी मूठ धरली होती, जुनी मांडीवर होती.

हॉस्पिटलच्या फाटकाशी गाडी थांबवली. त्याने हात सोडवून तळवा उघडला आणि बघत राहिला.

“गादीवर बसल्यासारखं वाटतं,” तो म्हणाला. “असं म्हणायचे.”

मग म्हणाला, “अजून दहा वेळा न्या.”