पोटॅशियमचा तिसरा मुलामा

दुपारी दोनला हेरिनने पडद्यावरची ती जागा पुन्हा एकदा नाक लावून पाहिली. रेघ नव्हती. फोहांगच्या प्रकाशकेंद्रात, प्रखर किरणांच्या यंत्रापुढे, सहा दिवस ठाण मांडल्याचं चीज झालं होतं.

तिचा स्फटिक म्हणजे टायटॅनियम-सेलेनियमचे पापुद्रे, खारी बिस्किटासारखे एकावर एक. उणे सत्तर अंशांखाली गेला की त्यातले इलेक्ट्रॉन, टाळकरी एका ठेक्यावर यावेत तसे, ठरावीक अंतराने दाटतात आणि विद्युतभाराची लाट उभी राहते. पडद्यावर ती मूळ रेघेशेजारी फिकी जुळी रेघ होऊन दिसते. हेरिन वरच्या पापुद्र्यावर पोटॅशियमचा मुलामा देत होती. पोटॅशियम मोठं दानशूर, जवळचा इलेक्ट्रॉन देऊन मोकळं होतं, आणि दान वाढलं की लाट विरते. किती दानाने विरते, एवढाच तिच्या पीएचडीचा प्रश्न. उत्तर आलं होतं: तीन मुलामे.

तिचे मार्गदर्शक प्राध्यापक प्यो फोनवर खूश झाले. "सहापर्यंत परिषदेचा सारांश पाठव. तीनचा आकडा शीर्षकातच घाल. या उन्हाळ्यात पदवी घेतलीस म्हणून समज."

तिची आई याच पदवीसाठी वर्षभर पहाटे देवळात एकशेआठ नमस्कार घालत होती. तिच्या गुडघ्यांची आता सुटका होणार होती.

मागे दोक्सू किंबाप, भाताची गुंडाळी, चघळत उभा होता. हेरिनच्याच प्रयोगशाळेतून तो आधी शिकून गेला, म्हणून तिचा 'सनबे', थोरला; आता इथे यंत्र सांभाळायला होता.

"पाहिलंत ना, सनबे? साफ गेली!"

"पाहिलं. मुलाम्यानंतर किती वेळाने मोजलंस?"

"लगेच. थांबलं तर पोटॅशियम मळतं. तुम्हीच शिकवलंय."

"शिकवलंय खरं. आणि पोटॅशियम सोडणारी ती तापलेली तार स्फटिकापासून किती लांब असते?"

"तीन बोटं."

"वा! शेगडीपुढे बर्फ धरायचा, आणि वितळला की म्हणायचं, मीठ लागू पडलं."

हेरिनला हसू आलं नाही. "उणे शंभर होतं. काटा जागचा हलला नाही."

"तापमापक स्फटिक धरणाऱ्या पट्टीच्या पाठीला आहे, बाई. स्फटिक पुढे आहे. मधला डिंक कुणी लावला?"

"मी."

"मग तुझा डिंक तुलाच माहीत."

तिला माहीत होतं. घाईत लावला होता, बुडबुडे राहिले होते; स्फटिक तापला तरी मागच्या काट्याला कळलं नसतं.

"मी काही बोललोच नाही असं समज," दोक्सू म्हणाला. "सर तुझे, पदवी तुझी."

शेवटचा एक स्फटिक उरला होता. त्याच्या डोक्यावर चिकटवलेली खुंटी तिने यंत्राच्या आतच ठोकून उडवली, जुना पापुद्रा निघून खालचा कोरा वर आला. मग तीन मुलामे, पहिल्यासारखेच. रेघ गेली. तार विझवून ती हात मांडीत घेऊन बसली. इतक्या वर्षांत मुलाम्यानंतर ती कधी थांबलीच नव्हती.

विसाव्या मिनिटाला पडद्यावर काहीतरी धूसर उमटलं.

"भास असेल," ती म्हणाली.

"भास असता तर तुझ्या एकटीलाच झाला असता."

चाळिसाव्या मिनिटाला जुळी रेघ नीट दिसू लागली. आधीच्या निम्मीच ठळक, पण होती. पोटॅशियमने अर्धं काम केलं होतं, उरलेलं उष्णतेने.

साडेचारला तिने फोन लावला. "सर, रेघ परत आली. तीन चूक आहे."

सरांनी विचारलं, "मग किती?"

"माहीत नाही. दर मुलाम्यानंतर थांबून मोजावं लागेल."

"यंत्रावरची पुढची वेळ सहा महिन्यांनी मिळेल. तुझा उन्हाळा गेला, कळतंय ना?"

"हो, सर."

"सारांश पाठवू नकोस," ते म्हणाले. "आणि तिथे आता किती वेळ आहे?"

"दीड तास."

"मग फोनवर काय करतेस?"

हेरिनने चौथा मुलामा दिला, तार विझवली आणि घड्याळ लावलं. दोक्सूने उरलेला किंबाप तिच्यापुढे सरकवला. सहाला तिच्या वहीत एक बिंदू होता: चार मुलामे, थांबून, रेघ चौथाई. एकच, पण खरा.