कठड्यावरचा मफलर

व्हिएन्नात उभ्याने मैफल ऐकणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. स्वस्तातलं तिकीट काढायचं, सभागृहाच्या मागच्या कठड्याला मफलर बांधायचा आणि खुशाल बाहेर सॉसेज खायला जायचं. बांधलेल्या मफलरला कुणाचा बाप हात लावत नाही. कठड्याची मधली जागा बत्तीस वर्षं अलोइस वेसेलीची होती. पूर्वी उजवीकडे त्याची बायको मिट्सी असायची. ती जाऊन सहा वर्षं झाली, तरी हा अजून उजवीकडे वीतभर जागा सोडून उभा राहतो.

त्या जागेवर त्याच कठड्याशी उभ्या राहणाऱ्या ट्रूडे हास्लिंगरचा कधीपासून डोळा. बाईचा सगळा जन्म केक विकण्यात गेला, पण जीभ मात्र तिखट. दर रविवारी दुपारी अलोइस तिच्याकडे कॉफीला जायचा आणि त्यांचा खेळ रंगायचा. बीथोव्हेनची एकच सिंफनी, त्याच सभागृहात तीन वेगवेगळ्या वाद्यवृंद-संचालकांच्या मैफलींत रेकॉर्ड झालेली. ट्रूडे त्यातली एक रेकॉर्ड लावायची. अलोइसने पाठ फिरवून बसायचं आणि संचालक ओळखायचा. आजवर एकदाही चुकला नव्हता. वर अक्कल शिकवायचा, "लिंड्टनर कसा रमतगमत जातो बघ. आणि तो क्रावोगल! ट्राम चुकल्यासारखा पळतो नुसता."

"आज चुकलास तर मधली जागा माझी," एका रविवारी ट्रूडे म्हणाली.

"खुशाल घे," अलोइस तोऱ्यात म्हणाला.

पहिला भाग झाला, दुसरा संपला. मधल्या शांततेत अलोइसने कान टवकारले. तिसरा सुरू झाला तसा त्याला घाम फुटला.

"परत लाव."

ट्रूडेने परत लावली.

"सार्टोरी," तो कसाबसा म्हणाला.

"लिंड्टनर!" ट्रूडेने टाळी पिटली. "अरे, तुझा देव ना तो? देवच ओळखला नाहीस?"

"मग ती कुठे गेली?"

"ती कोण?"

अलोइसने तिच्या हातातलं पाकीट घेतलं. नवी कोरी सीडी. जुन्या मैफलीचा आवाज धुऊनपुसून लख्ख केलेला. खरखर नाही, खाकरणं नाही. त्याने कप खाली ठेवला.

"मला संचालकांतला फरक कधीच कळला नाही, ट्रूडे. मी मिट्सीला ओळखायचो. लिंड्टनरच्या वेळी ती दुसऱ्या भागानंतर एकदा खोकली. क्रावोगलच्या वेळी दोनदा. आणि सार्टोरीच्या वेळी नाहीच, कारण त्या दिवशी आम्ही भांडून घरी बसलो होतो."

ट्रूडेला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. अलोइस उठला आणि मफलर तिथेच विसरून घरी गेला. जागा गेली याचं दुःख होतंच. पण मिट्सीला कुणीतरी पुसून टाकलं, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

गुरुवारी तो सभागृहात मुद्दाम उशिरा आला. मधल्या जागेकडे बघायचं नाही असं ठरवून आला होता, पण नजर गेलीच. तिथे मफलर बांधलेला होता. त्याचाच. वीतभर जागा सोडून पलीकडे ट्रूडे उभी होती.

"हरलो होतो ना मी?" अलोइस म्हणाला.

"गप्प उभा राहा. आज रेकॉर्डिंग आहे," ट्रूडे समोर बघतच म्हणाली. "दुसऱ्या भागानंतर एकदा मोठ्याने खोक. उद्या मलाही कुणालातरी ओळखावं लागेल."