आईचं नाक सांगेल तसं

पानगळ सुरू झाली की आई घरचा मसाला कुटायची. दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ, वेलची. शिजवलेल्या सफरचंदांत तोच, केकात तोच, शेजारीपाजारी वाटायचा तोही तोच. प्रमाण विचारलं की म्हणायची, "नाक सांगतं, आपण ऐकायचं." उन्हाळ्यातल्या लांबलेल्या तापानंतर तिचे हात थरथरू लागले, म्हणून यंदा थोरली लेक चार दिवसांची सुट्टी काढून आली. आई ऐंशीची. पुढच्या वर्षी विचारायला ती असेल का, हे थोरलीने कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, पण सुट्टी त्याचसाठी होती.

थोरली साबणाच्या कारखान्यात कामाला. वास घेणारी माणसं वेगळी, त्यांच्यापुढे बाटल्या मांडायचं काम हिचं. बाई नाकासमोर चालणारी; घरीही तोच थाट मांडला. ग्रॅमचा काटा, सहा तपकिरी बाटल्या, सहा चिठ्ठ्या. एकीत लवंग जास्त, एकीत जायफळ कमी. आणि चौथीत नुसता कापूस. वास घेणारा थकला की नाही ते कळावं म्हणून कारखान्यात एक बाटली कोरीच ठेवतात. हाताला सवय, हिनेही ठेवली.

"मसाला करतेयस की मला औषध पाजतेयस?" आई म्हणाली.

"डोळे मीट आणि खरं सांग."

पहिली छान होती. दुसरीही छान. तिसरी हुंगून आई म्हणाली, "ही पण छानच गं."

"सगळ्या छान कशा असतील? आपला कोणता, ते सांग ना!"

थोरलीचा आवाज चढलेला ऐकून आईने चौथी हातात घेतली, लांब श्वास ओढला आणि तिचा चेहरा खुलला. "हाच! अगदी हाच. घे लिहून प्रमाण."

थोरलीने चिठ्ठी पुन्हा वाचली. चौथीत नुसता कापूस. गेल्या महिन्यात दूध करपून कोळसा झालं आणि आई शेजारीच बसून होती. तेव्हा सगळ्यांनी तिच्या विसराळूपणावर खापर फोडलं होतं.

"आई, तुला वास येत नाही?"

आई बाटलीचं बूच लावत राहिली. ते नीट बसेना. "तापापासून नाही. येईल, येईल म्हणत होते."

"मग मघाशी हो का म्हणालीस?"

"सकाळपासून राबतेयस. एकीला तरी हो म्हणावं, म्हटलं."

थोरलीला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. इतकी वर्षं याच ओट्याशी उभं राहून तिने केक तेवढा चापला होता. "बरं, अंदाजे सांग. जायफळ अर्धं की एक?"

आईने तळवा पसरला, बोटं चिमटीसारखी हलवली. मग हात मांडीवर ठेवला. "नाही गं सांगता येत. वास आला की थांबायचे मी. तूच बघ ना, लहानपणापासून खाल्लायस."

थोरलीने पाची बाटल्या हुंगल्या, पुन्हा हुंगल्या. पहाटेपासून कुटून कुटून तिच्या नाकात लवंग भरली होती. पहिली कुठली आणि पाचवी कुठली, काही उमगेना. आई तिच्या तोंडाकडे बघत होती, निकालाची वाट बघावी तशी.

"ही," थोरलीने दुसरी उचलली. "हाच आपला."

"नक्की?"

"नक्की."

आईने समाधानाने मान हलवली, आणि थोरली वहीत एकेक ग्रॅम लिहू लागली.