समोरची भिंत

आतल्या खोलीच्या चौकटीला हीनानं टेपचं टोक दाबून धरलं आणि अर्पितानं दुसरं टोक ओढत पलीकडं नेलं.

"मावतो," अर्पिता म्हणाली. "पाय काढले की मोठा पियानोसुद्धा आडवा होऊन आत जाईल. अगं, मावतो हीना!"

"पश्चिमेचं ऊन आहे. लाकूड तडकेल. उन्हाळ्यात इथली हवा किती कोरडी असते, तुला कल्पना नाही."

"जाड पडदे लावू. हवेत ओलावा राखणारं यंत्र लावू. पुढचा मुद्दा?"

सकाळपासून हीनानं सगळे मुद्दे बुलढाण्यातल्या गाळ्यावर खर्च केले होते. तिथली हवा थंड, अधिकाऱ्यांचे बंगले जवळ, मुलांना गिटारच्या क्लासला घालणारे डॉक्टर शेजारच्याच गल्लीत. पण तिथला जिना इतका अरुंद निघाला, की अर्पितानं वर न जाताच मान हलवली. चिखलीतला गाळा बियाण्यांच्या दुकानावर होता आणि फवारणीच्या औषधाचा वास भिंतीत मुरलेला होता. राहिलं देऊळगाव राजा. जालना हाकेच्या अंतरावर, तिथला पैसा इथपर्यंत सहज येईल, असा अर्पिताचा हिशोब होता. तो चूकही नव्हता. सतार, तंबोरे, पियानो, चांगल्या लाकडाच्या गिटारी असं सगळं एका छताखाली मिळणारं दुकान ह्या भागात कुठंच नव्हतं. पैसे अर्पिताचे होते, वाद्यांची जाण हीनाची. पुण्यात वाद्यांच्या शोरूममध्ये सेल्सगर्ल म्हणून लागून ती मॅनेजर झाली होती. त्यामुळं जागेवर शेवटचा शब्द तुझा, असं अर्पितानं निघतानाच सांगितलं होतं.

हीनानं गावात शिरतानाच गॉगल चढवला होता. रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर चहा घेऊ, असं अर्पिता म्हणाली तेव्हाही तिनं "गाडीतच मागवू" म्हणून काच वर केली होती.

"आणि काय गं," काचेच्या दारापाशी जाऊन अर्पिता म्हणाली, "समोर फार गजबज असते म्हणत होतीस. मला तर कोणी दिसत नाही. केवढी छान पांढरी भिंत आहे!"

हीना टेप गुंडाळत दारापाशी आली आणि थांबली.

समोर कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवाराची लांबलचक भिंत होती. त्या भिंतीवर बँडवाल्यांची नावं होती. लाल, निळ्या, पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवलेली, खाली मोबाइल नंबर, कोपऱ्यात कर्णा. नावांखाली बाकडी. लग्नसराईत बाकड्यांवर ढोल उन्हाला ठेवलेले असत आणि माणसं सुपारीची, म्हणजे कामाच्या बोलावण्याची, वाट बघत बसलेली असत. आता बाकडी नव्हती. भिंत चुन्यानं पांढरी केलेली होती. मात्र चुना पातळ लागला होता. त्याखालून निळ्या अक्षरांची सावली दिसत होती. ती वाचता येत नव्हती. आधीपासून पाठ असलेल्यालाच वाचता आली असती.

"होते न," गाळ्याचे मालक भगवानराव मागून म्हणाले. ते मूळचे सोनाळ्याचे. जावयाच्या आग्रहाखातर त्यांनी इथं ही इमारत बांधली होती आणि गाव त्यांना अजून नवंच होतं. "बँडवाले बसत होते लाईनीनं. पण परवाच त्याईचा मास्तर आला आन् सोताच ब्रश घेऊन उभा राह्यला. मी म्हटलं, काऊन रे बावा, दिवाळी लवकर आली काय? त म्हने, समोर मोठ्या बाजाचं दुकान येऊन राह्यलं. पुन्याच्या बाया येतीन, त्याईले बरं वाटलं पायजे."

"अरे!" अर्पिता म्हणाली. "मग ते लोक कुठं गेले?"

"तिकडं, स्टँडच्या मांगं. मुतारीपाशी. बाकीचे लय भांडले त्याच्यासंग. म्हने, तुले काय दुकानात हिस्सा भेटून राह्यला काय? पण आयकलंच नाही त्यानं."

हीनाच्या हातातून टेप सुटला आणि सटकन आत जाताना पत्र्याच्या पातीनं बोटाला चरा दिला. तिनं बोट ओढणीत धरलं.

मागच्या महिन्यात फोन आला होता. "वो स्टँड रोड का गाला देखे क्या?" अब्बांनी विचारलं होतं. दुकान निघणार म्हटल्यापासून ते गावातली प्रत्येक रिकामी जागा तिला फोनवरून सांगत. हीना तेव्हा दुसऱ्याच कसल्या तरी घाईत होती. "फोटो देखे, अब्बा," ती म्हणाली होती. "सामने बँडवाले बैठते. महँगा गिऱ्हाईक उधर रुकता नै." एजंटला सांगावं तसं तिनं ते सांगितलं होतं. मग ते म्हणाले, "हाँ, वो भी बराबर है." आणि मग, "खाना खाए क्या?"

तिनं खाल्लं होतं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं होतं, की आपण काय बोललो. तेव्हा तिनं ठरवलं होतं, रात्री फोन करू. मग ती रात्र गेली, आणि नंतरच्याही.

अर्पिताला तिनं सांगितलेलं वेगळंच होतं. वडील शाळेत संगीत शिकवायचे, आता थकले, बुलढाण्याकडं असतात. पहिल्या भेटीत, कॉफी पिता पिता, अर्पिता तिच्या आजोबांच्या तंबोऱ्याबद्दल भरभरून सांगत होती. तेव्हा ते वाक्य आपसूक तोंडून गेलं. नंतर त्याला धरून आणखी वाक्यं आली. खोट्याचं तेवढं बरं असतं, त्याला सोबत मिळत जाते.

"किती गोड माणूस आहे हा मास्तर!" अर्पिता म्हणत होती. "ऐक, उद्घाटनाला त्यांनाच बोलवू."

"सतार ठरली होती," हीना म्हणाली.

"सतार आत, बँड दारात. गावाला कळायला नको दुकान उघडलं ते? काका, त्यांचा नंबर आहे?"

"नंबर कायले? आत्ता बोलावतो न." भगवानरावांनी फोन कानाला लावला. "हा, मास्तर. ये बरं इकडं गाळ्यावर. काम हाय तुह्यासाठी."

'ये' म्हणून बोलावलेले अब्बा भगवानरावांपेक्षा वयानं मोठे होते. हीना पुन्हा आतल्या खोलीत गेली आणि जी चौकट मोजून झाली होती तिला टेप लावत राहिली.

ते लगेच आले. पायरीखाली चपला काढल्याचा आवाज आला. आवाजावरून तिला कळलं, डाव्या चपलेचा अंगठा अजून तसाच आहे, तारेनं बांधलेला.

"सलाम, म्याडम."

अर्पितानं हाक मारली म्हणून तिला बाहेर यावं लागलं. दारात अब्बा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, नखांत चुना. त्यांची नजर हीनावरून गेली. दुकानातल्या रिकाम्या कपाटावरून जावी तशी, न अडखळता. मग अर्पितावर जाऊन थांबली.

"आत या ना," अर्पिता म्हणाली.

"नाही म्याडम. आमचं काम दारातलं. आत आलो त सूर बिघडते आमचा." ते हसले. पुढचा एक दात पडला होता. हे हीनाला माहीत नव्हतं.

"काय काय वाजवता तुम्ही?"

"सांगसान ते. सिनेमाचं, भक्तीचं. नाचनारे असले त नाचाचं. रडनारे असले त रडाचं."

"उद्घाटनात कोण रडतं?"

"हाव, ते बी खरं. पोरीची बिदाई थोडीच हाय." त्यांनी टोपी नीट केली. "दुकान चांगलं निघीन म्याडम. जागा शांत हाय आता."

"तुम्ही भिंत रंगवलीत म्हणे आमच्यासाठी."

"जुनी झालती. रंग उडून राह्यला होता."

रंग उडाला नव्हता. दर दसऱ्याला ते स्वतः शिडी लावून अक्षरं गिरवत. लहानपणी हीना खाली डबा धरून उभी राही आणि शाळेतल्या मुली दिसल्या की डब्याआड तोंड करी.

भगवानरावांनी टपरीवरून सुपारी मागवली. अर्पिताला हा प्रकार फार आवडला. सुपारीवर रुपया ठेवून ती म्हणाली, "हीना, तू दे. शेवटी तुझा जिल्हा आहे."

सुपारी हीनाच्या हातात आली.

भाऊ तौसिफच्या लग्नात नवरीकडच्या एका पोरानं गंमत म्हणून अशीच सुपारी अब्बांपुढं धरली होती. अब्बांनी दोन्ही हात पाठीमागं नेले होते. "घर के काम की सुपारी नै लेते रे," ते म्हणाले होते, आणि नवऱ्याचा बाप असूनही शेरवानीवर क्लॅरिनेट अडकवून वरातीच्या पुढं चालत राहिले होते. बँडवाल्यांचा तो कायदाच. सुपारी तळहातावर पडली की काम परक्याचं. मग दारात उभं राहायचं, सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवायचं. वरातीत हीना बायकांच्या सर्वांत मागं होती, तोंडावर ओढणी घेऊन. लोकांना वाटलं, नणंद लाजरी आहे.

"काम कोनाच्या घरचं म्हनू?" अब्बांनी विचारलं. सुपारी घेण्याआधी मास्तर हे विचारतोच; त्यात विशेष काही नव्हतं. ते हीनाकडं बघत नव्हते, तिच्या हाताकडं बघत होते. त्यांचा स्वतःचा हात अजून शर्टाच्या कडेलाच होता.

अर्पिता वाट बघत होती. भगवानराव दात कोरत होते.

"दुकानाचं," हीना म्हणाली.

"दुकानाचं," अब्बा म्हणाले. त्यांनी हात पुढं केला. तळव्याच्या रेघांतही चुना होता. तिनं सुपारी ठेवली, वर रुपया ठेवला. बोटं मिटली. तिच्या चऱ्यातून आलेला रक्ताचा टिपका रुपयाला लागला होता. तो त्यांनी पाहिला असावा, कारण मूठ मिटताना ते क्षणभर थांबले.

"बोटाले हळद लावा, म्याडम," ते म्हणाले आणि चपला घालायला वाकले. वय झालेला माणूस वाकला की वेळ लागतो. त्यांना जरा जास्तच लागला. मग ते रस्ता ओलांडून, पांढऱ्या भिंतीच्या कडेकडेनं, स्टँडकडं निघून गेले.

"काय माणूस आहे!" अर्पिता म्हणाली. "नाव विचारायचं राहिलंच बघ. बरं, मग? इथंच ना? तू हो म्हण, काकांना सांगून टाकू."

भगवानराव चहाचं बघायला टपरीकडं गेले होते. ड्रायव्हरनं गाडी दारापर्यंत आणून एसी लावून ठेवला होता. हीना दारात आली. अब्बा जिथं उभे होते तिथंच.

पायरीच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, कोणाचा पाय पडणार नाही अशा बेतानं सुपारी ठेवलेली होती. वर रुपया. डाग पुसलेला होता.

"अय्या, विसरले वाटतं," मागून अर्पिता म्हणाली. "पळत जाऊन दे ना. लांब गेले नसतील."

"विसरले नाहीत."

"मग? कमी वाटलं का त्यांना?"

हीना खाली बसली. सुपारी उचलायला एवढं बसायची गरज नव्हती.

"घरच्या कामाची सुपारी घेत नाहीत ते," ती म्हणाली.

"कोणाच्या घरच्या?"

ड्रायव्हरनं गाडीचं मागचं दार उघडून धरलं. आतला गार झोत पायरीपर्यंत आला. हीना उठली. गॉगल पर्समध्ये होता, तिथंच राहिला.

"गाडी नको," ती म्हणाली. "चालत जाऊ. स्टँडच्या मागं गाडी जात नाही."