गुलाबी मेणाचं बूच

हिरवा दिवा नारिंगी झाला. आणखी एक पाऊल — अजून नारिंगीच. बाबांच्या कामाच्या खोलीच्या उंबरठ्याशी आल्यावर मात्र हातातली पांढरी डबी जरा लुकलुकली आणि दिवा लाल. लेक मागे सरकली, नारिंगी. पुढे आली, लाल. घरातलं वायफाय अंगण ओलांडून, वाळत घातलेल्या चादरींखालून, विजेच्या लांबलचक वायरच्या टोकाला धरलेल्या या डबीबरोबर इथवर मुकाट्याने येत होतं आणि दारात येऊन अडत होतं. वर पत्रा, आत भिंतभर लोखंडी कपाटं... डबी तरी काय करणार.

"आत तरी ये नाहीतर बाहेर तरी जा," आई म्हणाली. "धूळ येते."

आई, बाबांच्या स्टुलावर बसून, एका जबड्यावरून ब्रश फिरवत होती. प्लास्टरचा जबडा, मागच्या दोन दाढा नसलेला. बाबा कवळ्या बनवायचे. डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवायचे, बाबा त्यावर दात बसवून द्यायचे, आणि काम झालं तरी साचे फेकायचे नाहीत. फळीवर फळी भरलेली. अर्धं गाव माझ्यासमोर तोंड उघडून बसलंय, ते म्हणायचे, आणि एक जण बोलेल तर शपथ.

ते गेल्यापासून आई इथे येऊन बसते. सकाळी येते, आतून कडी लावते, फोन तिकडे स्वयंपाकघरात. मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं, तर आई भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली आणि घरात फोन वाजून वाजून थकलेला. पडले नव्हते, आईने नंतर सांगितलं, उठायचा कंटाळा आला होता. हे वाक्य लेकीने दादाला फोनवर जसंच्या तसं कळवलं. पडली असती तर बरं, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं — पडण्यावर निदान इलाज असतो.

म्हणून ही डबी. आणि डबीच्या मागोमाग पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेला, दादाने पाठवलेला कॅमेरा. आधी लाव, मग सांग, दादा म्हणाला होता. माणसाला कशाचीही सवय होते. उद्या सकाळची तिची गाडी. आईला तिने एवढंच सांगितलं होतं की इथे फोन चालेल, तुलाच बरं. आईने "हं" म्हटलं होतं. आईचं हे "हं" पुस्तकातल्या कोऱ्या पानासारखं, वाचायला जावं तर आपलंच काहीतरी दिसायला लागतं... दोन दिवस ती तेच वाचत होती.

डबीने भागणार नाही, राउटरपासून इंटरनेटची वायरच आत आणावी लागणार. ती भोक पाडायला जागा शोधू लागली. प्लास्टरचं पिंप तिरकं करून बाजूला सरकवलं, मागे वाकून पाहिलं, आणि तिथे, जमिनीलगत, भिंतीतून एक करडी वायर आत आलेली होती. नीट गुंडाळून खिळ्याला टांगलेली. टोकाला गुलाबी बूच.

कवळीचं मेण. प्लगमध्ये धूळ जाऊ नये म्हणून गरम पात्याने गुळगुळीत केलेलं, आणि मग त्यावर, सवयीने असणार, टोचणीने बारीक बारीक ठिपके दिलेले. खऱ्या हिरड्या गुळगुळीत नसतात, संत्र्याच्या सालीसारख्या असतात, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं, लहानपणी, आरशासमोर ओठ ओढून धरायला लावून.

घरात राउटरमागे एक करडी वायर लोंबते, ती तिने आठवडाभर पाहिली होती. जुन्या फोनची असेल म्हणून सोडून दिली होती.

म्हणजे इथे सगळं पोचत होतं.

...आणि दर रविवारी मी आईच्या फोनवर फोन लावत होते, कारण कामाच्या खोलीत काही पोचत नाही बाई तुझं, असं बाबा म्हणायचे. आई अंगणात जाऊन हाक मारायची, मग नळाचा आवाज, हात धुतल्याचा, मग खडीवर पावलं, डावा पाय जरा घासत, पायरी, धाप, आणि मग — काय म्हणतंय तुझं वाचनालय? एवढ्यासाठी मी आठवडाभर थांबत असे. आणि त्यांनी मुद्दाम, हाताने, इतकं सुबक... माझा आवाज इथे नको होता? या मुक्या तोंडांमध्ये त्यांना मी नको होते?

मेणात नख रुतलं होतं. तिच्या लक्षात आलं तेव्हा ठिपक्यांवर एक चंद्रकोर उमटलेली होती. तिला घाईघाईने ती बोटाने पुसावीशी वाटली, पण पुसली असती तर ठिपकेही गेले असते.

"ही वायर..." ती म्हणाली. आवाज जरा वर गेला.

आईने मान वळवली नाही. "चालायची की. त्यांनीच घातली होती."

"मग?"

"तू परस्पर इकडेच, यांना फोन करायला लागलीस." ब्रश थांबला नाही. "दोन-तीन रविवार. मग त्यांनी काढून ठेवली."

तिला ते रविवार आठवेनात. बाबांनी स्वतःहून काढली, की आईने एखाद्या दुपारी काही म्हटलं — की काही म्हटलंच नाही, नुसतं "हं"? विचारायला तोंड उघडलं आणि फळीवरच्या त्या सगळ्या तोंडांसारखं उघडंच राहिलं.

"लावायची तर लाव," आई म्हणाली. "पिशवीतलं ते मात्र परत घेऊन जा. मला कोणी बघत बसलेलं चालायचं नाही."

टॉवेल आईनेच घडी घालून दिला होता. त्यात काय गुंडाळलंय, हे आईला कळणारच. तिचे कान तापले. ती पिंपाच्या कडेवर बसली, वायरचं टोक मांडीवर घेऊन. मेण काढायला एक पातं पुरेल, समोरच पडलंय. पण हाकेपासून पावलं येईपर्यंतचा तो वेळ — फोन आईच्याच हातात असायचा, आणि आई बोलत असायची. दर रविवारी, इतकी वर्षं. काय बोलायची? एक वाक्य, तिने स्वतःला म्हटलं, एक तरी. नळ आठवला. खडी आठवली. घासणारा डावा पाय लख्ख आठवला, आईच्या आवाजाच्या पलीकडून येणारा, आणि आईचा आवाज नुसता कसलीतरी खरखर, जिच्यातून वाट काढत कान पुढे न्यायचा...

"हा बघ, पोस्टातल्या बाईंचा," आई म्हणाली आणि जबडा उजेडात धरला. "कवळी तीनदा परत पाठवली यांच्याकडे. हसताना सुटते म्हणे. हे म्हणाले, बाई, मी तुम्हाला कधी हसताना पाहिलंच नाही..."

आई थांबून तिच्याकडे पाहत होती.

"हं," लेक म्हणाली.

आई पुढे सांगू लागली. ती ऐकत होती, मान हलवत होती, बोटाखाली ठिपके चाचपत होती. आणि दार उघडं होतं, अंगणात चादरी हलत होत्या, खडीवर कोणी नव्हतं, आणि तिचे कान अजून तिकडेच लागलेले होते.