मागची चाकं

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आई म्हणाली, "मग घरी न्या मला. इथल्या छताकडे बघून बघून वीट आलाय."

घर टेकडीवर. तिथवर यायला रुग्णवाहिकेचा चालक कुरकुरायला लागला, तेव्हा लेकीने आपलीच गाडी काढली. या लेकीला घरात पक्कड म्हणत. तान्ही असताना तिने बापाचं बोट एकदा धरलं की सोडवता सोडवत नसे, म्हणून बापानेच ठेवलेलं नाव. बाप मोटारींचा मिस्त्री. उभा जन्म त्याने जुन्या जीपगाड्या उघडण्यात आणि जोडण्यात घालवला, आणि पक्कड त्याच्याच हाताखाली तयार झाली. मग ती एका मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागली आणि मिस्त्रीने तिच्याशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे पार टाकलं. लेक समोर बसलेली असली तरी बायकोला म्हणायचा, "तिला विचार, जेवणार आहे का?" पक्कडही त्याचीच मुलगी. "त्यांना सांग, जेवून आलेय." मधल्या मध्ये आई दोघांचं टपाल वाहायची. फारच वैतागली की म्हणायची, "अरे, मला पगार तरी सुरू करा!"

आता ती मागच्या सीटवर उशांना रेलून पडली होती. तोंडावर मास्क, शेजारी पट्ट्याने बांधलेला ऑक्सिजनचा सिलिंडर. मिस्त्री पुढे बसला होता, गुडघ्यांवर औषधांची पिशवी घेऊन.

फाट्यावर पक्कडने डांबरी रस्त्याकडे वळायला घेतलं.

"तिला सांग, जुन्या वाटेने घे," मिस्त्री म्हणाला. "डांबरी रस्ता अख्ख्या टेकडीला वळसा घालतो."

"त्यांना सांग, जुन्या वाटेवर पाइपांसाठी खोदलंय. सगळा राडा झाला असणार."

"चारही चाकं ओढतात ना हिच्या गाडीची? मग राड्याला कशाला भ्यायचं?"

आईने डोळे उघडले नाहीत. मास्कच्या आतून म्हणाली, "जवळची घे गं. धाप लागतेय मला."

पक्कडने जुनी वाट धरली.

खालचा भाग बरा होता. शेवटच्या चढणीवर मात्र खोदून काढलेली पिवळी माती रस्ताभर पसरली होती आणि कुठल्याशा फुटक्या नळाचं पाणी तिच्यात मुरून तिचा लगदा झाला होता. निम्मी चढण गाडी नीट चढली. मग पुढचं उजवं चाक घसरत घसरत पाइपांच्या चरात उतरलं आणि गाडी एका बाजूला कलली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला आणि इंजिनाचा आवाज एकदम बसला.

"दाब की!" मिस्त्री ओरडला. आईला मध्ये घालायचं भानच राहिलं नाही त्याला.

"दाबतेय! चाक घसरायला लागलं की ही गाडी आपणहून ताकद कापते. ट्रॅक्शन कंट्रोल आहे तिला."

"माणूस चिखलात रुतलाय आणि गाडी ताकद कापते? काय डोंबलाच्या कामाचं ते?"

"ओल्या डांबरावर जीव वाचवतं, बाबा."

"इथे कुठाय डांबर? बंद कर!"

त्याचं बरोबर होतं. पक्कडने बटण दाबून ते बंद केलं आणि अॅक्सिलरेटर दिला. पुढची चाकं भणाणली, चिखल काचेवर उडाला. आता मागच्या चाकांनी जोर धरायला हवा होता. या गाडीत मागे ताकद जायची ती एका बंद डब्यातून. त्यात चकत्या आणि चकत्यांच्या मध्ये दाट तेल. पुढची चाकं जास्त फिरू लागली की तेल तापतं, घट्ट होतं आणि मागच्या चाकांना बरोबर घेतं. घेतं, पण सवडीने. एक धक्का बसला, गाडी हातभर सरकली. पुन्हा दाबलं तर खालून करपल्यासारखा वास आला आणि मागची चाकं नुसती उभी राहिली.

"लॉक कुठाय?" मिस्त्री सीटखाली चाचपडत होता. त्याच्या जीपमध्ये तिथे एक दांडी असे. ती ओढली की मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जात. एक नुसतं गरगरलं म्हणून दुसरं मोकळं सुटत नसे.

"यात लॉक नाही."

"मग आहे तरी काय यात?" म्हणत तो उतरला. गाडीला एक फेरी मारून मागच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि टायरच्या खाचेत अंगठा घातला. "पक्कड, इकडे ये."

कित्येक वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. ती गेली, पण तो कशासाठी बोलावतोय हे तिला ठाऊक होतं.

"पुढचे दोन्ही नवे. मागच्यांना टक्कल पडलंय."

"चारही एकदम बदलायचे राहून गेले."

"राहून गेले?"

झिजलेला टायर नव्यापेक्षा जरासा लहान असतो. तेवढ्यानेही पुढची-मागची चाकं कधी सारखी फिरत नाहीत. सरळ रस्त्यावरही तो डबा दिवसभर राबत राहतो आणि आतलं तेल शिजून जातं. पक्कड हे रोज गिऱ्हाइकांना बजावत असे.

"गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर?" मिस्त्रीने विचारलं.

"झापलं असतं."

"आणि मी केलं असतं तर?"

"तुम्ही कधी ऐकून घेतलंय का माझं? नवी गाडी दारात आली की परत पाठवायचात. मी शिकायचं कुठे?"

"म्हणून बापाला सोडून जायचं? तू गेल्यावर मी गॅरेजचं शटर वर केलं नाही, माहितेय तुला?"

"माहितेय. आईने सांगितलं."

"आईने सांगितलं! तू एकदा तरी येऊन बघितलंस?"

गाडीच्या आतून काचेवर टकटक झाली. पक्कडने दार उघडलं.

"भांडा," आई म्हणाली, "पण जरा मोठ्याने भांडा. मला अर्धंच ऐकू येतंय."

दोघांनाही ओशाळल्यासारखं झालं, आणि जरासं हसूही आलं. पक्कडने मास्क नीट बसवला, सिलिंडरचा काटा पाहिला. ट्रॅक्टरवाल्या मावसभावाला फोन लावला. तो लांबच्या शेतावर होता, यायला बराच वेळ लागणार होता. तेवढी सवड सिलिंडरला नव्हती.

मग बाप-लेक कामाला लागले. हातांनी चिखल उपसला, चराच्या कडेचे दगड आणून चाकाखाली ठोकले, त्यावर पायाखालचे मॅट अंथरले. कुणी कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. एकाने हात पुढे केला की दुसरा त्यात दगड ठेवत होता.

"मी मागून रेटतो," मिस्त्री म्हणाला. "तू अॅक्सिलरेटर दे आणि डाव्या पायाने ब्रेक जरासा धर. मोकळं फिरणारं चाक अडलं की ताकद पलीकडच्या चाकात जाईल."

"तेच तर ट्रॅक्शन कंट्रोल करतं, बाबा. ब्रेक तेच लावतं."

मिस्त्रीने बाह्या वर सरकवल्या. "मग त्याला अॅक्सिलरेटर सोडायला कोणी सांगितलं? तू सोडू नकोस म्हणजे झालं."

ती आत बसली. मागे काचेला टेकलेला बाप दिसावा म्हणून तिने आरसा वर वळवला. त्यात बापाचा चेहरा आला; खाली सीटवर पडलेली आई आली नाही.

"पक्कड..." मागून हाक आली.

"एकच मिनिट हं, आई," असं म्हणून तिने पाय दाबला.

इंजिन गरजलं. चाक गरगरलं, ब्रेकखाली अडखळलं, पलीकडच्या चाकाने जमीन धरली. मॅट मागे उडाले, दगड करकरले, आणि गाडी चरातून उसळून वर आली. पक्कडने पाय सैल केला नाही. थेट माथ्यावरच्या सपाटीवर नेऊन गाडी उभी केली. मिस्त्री धावत आला, डोक्यापासून पायापर्यंत चिखलात माखलेला, नुसते दात दिसत होते. त्याने बॉनेटवर थाप मारली.

"आली की नाही! बघितलंस का गं?" असं म्हणत त्याने बायकोला सांगायला मागचं दार उघडलं.

आईचा मास्क हनुवटीखाली घसरला होता. डोळे अर्धवट उघडे होते. सिलिंडरचा काटा शून्यावर आलेला नव्हता. मिस्त्रीने चिखलाचे हात अंगावर पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, आणि मगच तिच्या गालाला हात लावला. पक्कडने मास्क वर चढवला, छाती दाबली, हाका मारल्या. कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी मिस्त्री मागे बसला, तिचं डोकं मांडीवर घेऊन, आणि पक्कडने गाडी अगदी हळू घरापर्यंत नेली.

डॉक्टर नंतर म्हणाले, मास्कचं फार मनावर घेऊ नका, आज नाही तर उद्या होणारच होतं. ते खरं बोलत होते की समजूत घालत होते, हे दोघांनीही विचारलं नाही.

सगळं आवरल्यावर पक्कडने वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर चढवली. तो डबा कामातून गेला होता. तिने तो काढला, फडक्यात गुंडाळला आणि वडिलांकडे नेला. का नेला, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मिस्त्रीने तो हातात घेऊन तोलला आणि गॅरेजची किल्ली शोधली. गंजलेलं शटर दोघांनी मिळून वर केलं. त्याने डबा शिकंज्यात आवळला आणि करवतीने कापायला घेतला.

"तिने हात वर केला होता," कापता कापता तो म्हणाला. "मागच्या काचेतून दिसला मला. वाटलं, शाबास म्हणतेय."

पक्कडने शिकंज्याखाली साठलेला लोखंडाचा कीस हाताने बाजूला केला. मग म्हणाली, "मला हाक मारली होती. मी म्हटलं, एकच मिनिट."

करवत थांबली. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने करवत पुन्हा सुरू झाली.

डबा उघडला तेव्हा आतून काळं, चिकट तेल ओघळलं. चकत्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर घालून एक सोडवली, उजेडात धरली, फडक्याने पुसून बाकावर ठेवली. मग दुसरी सोडवली, पुसली, पहिलीच्या शेजारी ठेवली. त्या पुन्हा कुठल्याही गाडीत बसणार नव्हत्या, हे दोघांनाही कळत होतं. पक्कडने दुसरं फडकं घेतलं आणि पलीकडच्या बाजूने पुसायला लागली.