आधी घड्याळ, मग टाकी

माझ्या बाबाला सगळे पाहुणा म्हणायचे. फुटबॉलच्या धंद्यात त्याच्याइतके क्लब कुणी बदलत नाही, आणि बदललेच तर मिरवत नाही. बाबा मिरवायचा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं बिऱ्हाड एका खटारा व्हॅनच्या पाठीवर. एका शहरात खिडकीसमोर बोटींवर माल चढवणारी क्रेन होती. दुसऱ्या शहरात गल्लीच्या तोंडाशी साबणाचा कारखाना होता, तिथं न धुतलेल्या कपड्यांनाही धुतल्याचा वास यायचा. नव्या वर्गात उभं राहून नाव सांगण्यात मी इतकी तरबेज झाले होते, की दुसरी कुणी नवी मुलगी आली की मला तिची दया यायच्या आधी तिच्या चुका दिसायच्या.

बाबा फॉरवर्ड होता. उंच, जाड मानेचा. त्याचं काम एकच, कडेनं उंच चेंडू आला की उडी मारायची आणि डोक्यानं तो जाळ्यात घालायचा. पायानं गोल करणारे देखणे असतात, त्यांना क्लब जपून ठेवतात. बाबासारख्यांना अडल्या वेळी बोलावतात. संघ तळाला जायला लागला की पाहुण्याला हाक मारायची, त्यानं डोकं घालायचं, संघ वाचला की गरज सरो, वैद्य मरो. बाबाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट निघताना तो मैदानावरच्या माळ्यापासून तिकीटवाल्यापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात पडून यायचा.

फुटबॉलवाल्यांची एक रीत आहे. आपल्या जुन्या क्लबाविरुद्ध गोल केला तर आनंद साजरा करायचा नाही. दोन्ही हात वर करायचे, मान खाली घालायची, आणि ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्या प्रेक्षकांची माफी मागायची. आता बाबानं इतक्यांचं मीठ खाल्लं होतं, की शेवटी शेवटी समोर येणारा जवळजवळ प्रत्येक संघ त्याचा जुनाच निघायचा. "बाबा, तू गोल करतोस की गुन्हा?" मी विचारायचे. तो म्हणायचा, "तुझ्या आईशी लग्न केल्यापासून मला माफी मागायची सवय आहे." आई हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकायची.

मग आम्ही या शेवटच्या शहरात आलो आणि बाबा भिंतीत शिरायला लागला.

हे शब्दशः सांगतेय. एका सकाळी मी दात घासत होते. बाबा झोपेतून उठला, उजवीकडे वळला आणि सरळ भिंतीवर जाऊन आपटला. क्रेनच्या शहरातल्या घरात तिथं न्हाणीघराचं दार होतं. आम्ही पोट धरून हसलो. आठवड्याभरानं तो पुन्हा तिथंच उभा होता, आणि या वेळी कोऱ्या भिंतीवरून तळवा फिरवत होता, वर, खाली, पुन्हा वर. दिव्याचं बटण शोधत होता. मी हाक मारली तर त्यानं वळून पाहिलं, आणि त्या चेहऱ्यावर आम्ही कुणीच नव्हतो. मला भीती वाटली. ती त्या दिवशी जी आत येऊन बसली ती आजतागायत उठलेली नाही.

पुढं घर तेच राहिलं, पण त्यात आमची सगळी जुनी घरं हळूहळू राहायला आली. बाबा कपाट उघडायचा आणि त्यात जिना नाही म्हणून चक्रावायचा. जेवताना दाराकडे बघून म्हणायचा, "त्याला आत घ्या ना, बाहेर उभा ठेवलाय," आणि जुन्या कुठल्यातरी संघातल्या गोलकीपरचं नाव घ्यायचा. मग क्षणात जागेवर यायचा आणि स्वतःच हसायचा. दार उघडून बघायचं धाडस मात्र मला कधी झालं नाही.

आई त्याला, सोबत मलाही, दूरच्या शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली, क्लबात कळायला नको म्हणून. डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढले आणि सांगितलं, वर्षानुवर्षं डोक्यानं चेंडू मारून आतलं नाजूक काम बिघडलंय. गेलेलं परत येणार नाही, पण प्रत्येक हेडरगणिक आणखी जाईल. आजच्या आज थांबा.

"सुताराला म्हणायचं रंधा धरू नकोस," बाबा परतीच्या वाटेवर म्हणाला. "हा मोसम संपू दे. मग थांबतो."

"मोसम संपेपर्यंत तू कोण आहेस ते तुला आठवेल का?" मी विचारलं.

"ए, तोंड सांभाळ," आई म्हणाली. पण तिचा आवाज माझ्यावर चिडलेला नव्हता.

मला एवढंच हवं होतं, बाबा उरलाय तेवढा उरावा. मला ओळखणारा, माझी टिंगल करणारा. त्यासाठी क्लबाच्या डॉक्टरीणबाईंना एक वाक्य सांगायचं होतं. त्या त्याला दुसऱ्या दिवशी मैदानाबाहेर बसवणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आणि ते वाक्य सांगायचं नाही, असं त्या दोघांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला शपथेला बांधलं. आई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मैदान काढून घेतलं तर तो दिवसभर त्या भिंतीपाशीच उभा राहील गं." मी तिच्याशी भांडले, दारं आपटली, जेवले नाही. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मैदानावर बाबा अजून शहाणा होता. चेंडू हवेत असेपर्यंत त्याला सगळं कळायचं. खेळ थांबला, की मात्र तो हरवायचा. आता आपण कुठल्या गोलावर चाल करतोय, हेच त्याला आठवेनासं व्हायचं.

त्यावर आईनं तोड काढली. खेळाडू मनगटाला पांढरी पट्टी गुंडाळतात, तशी ती घरून निघतानाच त्याच्या दोन्ही मनगटांना गुंडाळून द्यायची. आमच्या मैदानाच्या एका टोकाला जुनं घड्याळ होतं आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. आमचा संघ पूर्वापार पहिल्या अर्धात घड्याळाकडे चाल करायचा आणि दुसऱ्या अर्धात टाकीकडे. आई डाव्या पट्टीवर लिहायची, 'आधी घड्याळ'. उजव्या पट्टीवर, 'मग टाकी'. खेळ थांबला की बाबा घाम पुसल्यासारखं करून मनगट बघून घ्यायचा. सोबतच्यांना वाटायचं, पाहुणा देवाचं नाव लिहून आणतो. कप्तान तर एकदा म्हणाला, "पाहुणे, आमच्यासाठीपण एक पट्टी लिहून आणा की."

त्या दिवशी समोर हिरवा संघ होता. मी जन्मले तेव्हा बाबा ज्यांच्याकडून खेळायचा, तोच. आई आणि मी आमच्या नेहमीच्या जागी बसलो होतो. दुपार होती, ऊन तिरपं आणि बोचरं. नाणेफेक झाली. ती हिरव्यांच्या कप्तानानं जिंकली, कपाळावर हात धरून त्यानं उन्हाकडे पाहिलं आणि मैदानाची बाजू बदलून मागितली.

त्याला तो हक्कच होता. दोन्ही संघ एकमेकांना ओलांडून पलीकडे गेले. प्रेक्षकांनी जरा हुर्यो केली आणि विषय संपला. बाबाच्या दोन्ही मनगटांवर आता उलटं लिहिलेलं होतं.

पहिला अर्ध कसाबसा निभावला. खेळ फार थांबला नाही, चेंडू हवेत राहिला, बाबा शहाणा राहिला. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा मी म्हटलं, "आई, जा खाली. डॉक्टरीणबाईंना सांग."

ती उठली. पायऱ्या उतरून खेळाडूंच्या फाटकापाशी गेली. मी वरून बघत होते. पहारेकऱ्यानं काहीतरी विचारलं. आई त्याच्यासमोर उभी राहिली, पदर सारखा केला, आत पाहिलं. मग तिनं मान हलवली आणि परत आली.

"काय झालं?"

"तो म्हणाला, काय काम आहे."

"मग?"

"मी म्हटलं, काही नाही."

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ती टाकीकडे बघत होती.

खेळ संपत आला तेव्हा हिरव्यांना कॉर्नर मिळाला, टाकीच्या बाजूला. अशा वेळी उंच फॉरवर्ड मागं येतो, आपल्या गोलासमोर उभा राहून चेंडू डोक्यानं बाहेर घालवायला. बाबा मागं आला. कोपऱ्यातला खेळाडू चेंडू ठेवत होता, पुन्हा ठेवत होता, वेळ काढत होता. खेळ थांबला होता. बाबानं कपाळ पुसलं आणि उजवं मनगट पाहिलं.

त्याचा चेहरा उजळला. एवढ्या लांबून मला तो दिसणं शक्य नाही, पण मला दिसला.

चेंडू आला. बाबानं उडी मारली. हल्ली त्याचे गुडघे कुरकुरायचे, पण त्या उडीला वयच नव्हतं. तो सगळ्यांच्या वर गेला, तिथं जरा थांबला, आणि कपाळाच्या मधोमध चेंडू घेऊन आमच्याच जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात घातला. आमचा गोलकीपर जागचा हललासुद्धा नाही. आपला माणूस असं करेल हे त्याच्या डोक्यातच आलं नसणार. इतका सुंदर गोल मी बाबाच्या डोक्यातून कधी पाहिला नव्हता.

सगळं मैदान मुकं झालं. फक्त एका कोपऱ्यात, जाळीमागं, हिरव्यांचे मूठभर प्रेक्षक वेडे झाल्यासारखे नाचत होते. बाबा त्यांच्याकडे वळला. दोन्ही हात वर केले, मान खाली घातली. जुन्या क्लबाची माफी मागितली. ते नाचत राहिले, आणि तो हात वर धरून उभा राहिला, उभाच राहिला. मग एकेक करून त्यांचं नाचणं थांबलं. जाळीमागच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. आमच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि त्यालाच कुणीतरी गप्प केलं. आई तोंडावर हात दाबून बसली होती. झाकली मूठ उघडली होती.

कप्तान बाबाच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलला. बाबानं त्याला प्रेमानं बाजूला सारलं आणि हिरव्यांच्या गोलकीपरनं शंभर पावलांवरून टाळी वाजवली तर त्याला हात केला. डॉक्टरीणबाई धावत गेल्या. त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, बोट हलवलं, काहीतरी विचारलं. मग त्यांनी स्वतःच बदली खेळाडूची खूण केली.

मी उठून धावले. या वेळी पहारेकऱ्यानं काय काम आहे असं विचारलं नाही, फाटक उघडून धरलं.

आत लांब बोळ होता, ओल्या फरशीचा. आमच्या खेळाडूंची खोली उजवीकडे. तिच्या दारात डॉक्टरीणबाई सैरभैर उभ्या होत्या. "आत्ता इथं होता गं, पाणी आणायला वळले तर..." मी डावीकडे गेले. पाहुण्या संघाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

बाबा बाकावर बसला होता, हिरव्यांच्या कपड्यांमध्ये. बूट काढून नीट जोडून ठेवले होते. हिरव्यांचे कपडे सांभाळणारे काका, पार पिकलेले, हातात टॉवेल घेऊन त्याच्यापुढं उभे होते. त्यांचे डोळे भरले होते.

"मला नावानं ओळखलं त्यानं," ते मला हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांनी. म्हणतो, काका, आज लवकर सोडा."

मी बाबाच्या समोर गेले. तो ताजातवाना दिसत होता, डोक्यावरून ओझं उतरल्यासारखा. कपाळावर चेंडूचा लाल वण उमटला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अदबीनं थोडा सरकून बसला, एखाद्या परक्या बाईला जागा द्यावी तसा.

"जिंकलो ना?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"बाहेर चाललाय का तुम्ही? एक काम कराल? फाटकापाशी माझी बायको उभी असेल. तिच्याकडे आमची मुलगी आहे, अगदी तान्ही. बाहेर वारं आहे. तिला म्हणावं, बाळाला नीट गुंडाळून घे, मी आलोच."

काकांनी तोंड फिरवलं. बोळातून आईच्या चपलांचा आवाज जवळ येत होता. मी बाबाच्या मनगटावरची पट्टी सोडवायला घेतली. त्यानं नवल न करता हात पुढं केला.

"झोपलीय ती," मी म्हटलं. "छान गुंडाळलंय."

"रडली नाही ना मला शोधत?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात रडली नाही."